यांत्रिक करवत आणि ढकलकाठी
(सुतार कारागीर, ग्रामस्थ व शालेय कार्यशाळांचे शिक्षक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुतार हा गावगाड्याचा जुना मानकरी. नांगर, बैलगाडी, घराचे दार आणि बाळाचा पाळणा ही सारी त्याच्याच हातची निर्मिती. पिढ्यान्‌पिढ्या त्याने हातकरवत चालविली. ती अंगच्या बळावर चालते. बोट आड आले तर हात आपोआप थांबतो आणि बहुधा जखमेवर निभावते. विजेवर चालणारी गोल करवत मात्र कोणासाठीही थांबत नाही. गावोगावी वीज पोहोचली, तशी ही करवतही पोहोचली. परंतु तिच्यासोबत यावयास हवी होती ती सावधगिरी सर्वत्र आली, असे म्हणता येत नाही.

अडीचशे मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याचे दाते सेकंदाला सुमारे ३९ मीटर वेगाने धावतात. धोका दिसल्यावर हात मागे घेण्यास माणसाला पाव सेकंद जरी लागला, तरी तेवढ्यात पात्याचे बारा फेरे पूर्ण होतात. म्हणूनच ‘माझा हात बसलेला आहे’ हा अनुभवी कारागिराचा विश्वास येथे उपयोगी पडत नाही. कौशल्य कितीही असले, तरी हात पात्यापासून दूर ठेवणे हाच खरा उपाय होय.

फळी लांब असते तोवर हात दूरच असतात. चिरकाम संपत येते, तसतसे हात पात्याजवळ सरकू लागतात. धोका आहे तो या शेवटच्या वितीत. त्यातच लाकूड पाते आणि बाजूची मार्गदर्शक पट्टी यांच्यामध्ये आवळले गेले, तर वर येणारे मागचे दाते ते उचलून कारागिराच्या अंगावर फेकतात. अशा वेळी लाकडावर ठेवलेला हात क्षणार्धात पात्यावर जाण्याचा संभव असतो.

यावरील साधन अगदी साधे आहे. ते म्हणजे ढकलकाठी. निदान ४५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे दीड फूट लांबीची, गाठ नसलेल्या सरळ रेषांच्या लाकडाची किंवा प्लायवुडची काठी घ्यावी. तिच्या एका टोकास पक्ष्याच्या उघड्या चोचीसारखी खाच पाडावी, म्हणजे ती लाकडाच्या कडेवर घट्ट बसते. दुसरे टोक मुठीत नीट मावेल असे गोलसर घासावे. काठी लोखंडाची कधीही नसावी. लाकडी काठी पात्याला लागली तर केवळ काठी कापली जाते, बोट वाचते. खाच झिजली वा तुटली की नवी काठी करावी. उरलेल्या तुकड्यातून ती अर्ध्या तासात तयार होते.

वापरण्याची रीतही ध्यानी घ्यावी. कापाचे शेवटचे ३०० मिलिमीटर उरले की काठी हाती घ्यावी. लाकूडच त्याहून आखूड असेल, तर आरंभापासून घ्यावी. पाते आणि मार्गदर्शक पट्टी यांच्यामधील भागावर काठी टेकवून तो पात्याच्या पार नेईपर्यंत ढकलावा. लाकूड पट्टीला लगटून ठेवण्यासाठी दुसरी काठी घ्यावी. मात्र तिचा दाब पात्याच्या अलीकडेच द्यावा, पात्यावर बाजूने कदापि देऊ नये. उभे राहताना पात्याच्या सरळ रेषेत न राहता किंचित बाजूस राहावे. पडलेले तुकडे यंत्र पूर्ण थांबल्यावरच उचलावेत. हातमोजे, सैल बाह्या, लोंबते उपरणे टाळावे.

ढकलकाठी असली म्हणून इतर संरक्षण काढून ठेवू नये. पात्यावरील आवरण आणि चिरलेली फट मिटू न देणारी मागील पोलादी पट्टी ही दोन्ही जागेवरच असली पाहिजेत.

ब्रिटनमध्ये १९७४ च्या लाकूडकाम यंत्रांविषयीच्या नियमांत ढकलकाठीचा समावेश होता. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना अधिनियमाची व्याप्ती सामान्यतः वीज वापरणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांपुरती होती. बाप, मुलगा आणि एक उमेदवार एवढ्यांवर चालणाऱ्या गावातील सुतारकामाकडे निरीक्षकाची पावले क्वचितच वळतात. तेथे निरीक्षक व्हायचे ते त्या कारागिरानेच.

शिक्षकांनी कार्यशाळेत विद्यार्थ्याला यंत्राची कळ दाबू देण्यापूर्वी त्याच्याकडून प्रथम एक ढकलकाठी करवून घ्यावी. हातकरवतीने केलेली ती काठी हा त्याचा पहिला धडा ठरावा. अधिकाऱ्यांनी यंत्राच्या भेटीत काठी आहे काय, एवढेच न विचारता ती कोठे टांगली आहे, हे पाहावे. कोपऱ्यात धूळ खात पडलेली काठी असून नसल्यासारखीच. ती कारागिराच्या उजव्या हाताशी, यंत्रावरच खिळ्याला अडकविलेली असावी.

सुताराची बोटे हेच त्याचे भांडवल. तुटलेले पाते बाजारात मिळते, बोट मिळत नाही. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने एक ढकलकाठी करावी आणि उद्याचे काम तिनेच सुरू करावे, एवढीच विनंती.