कोरे वकीलपत्र

आज कायद्याची पदवी घेतलेल्या माझ्या मुलामुलींनो,

थोड्याच दिवसांत तुम्ही सनदेसाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज कराल आणि मालवण, कुडाळ किंवा सावंतवाडीत एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली कामाला लागाल. तिथे लवकरच एक कागद तुमच्या हाती येईल. खाली अशिलाची सही आणि वर सगळे कोरे. मला आज त्या कागदाबद्दलच बोलायचे आहे, आणि तेही घरमालक-भाडेकरूंच्या दाव्यांपुरते.

आपल्याकडे हा कागद जन्माला कसा येतो ते तुम्ही जाणताच. घरमालक मुंबईला. गणपतीला नाहीतर मे महिन्यात आठ दिवस येतो. तारकर्ली-देवबागला पर्यटक येऊ लागल्यापासून, ज्या घराचे वासे मोजायलाही कुणी फिरकत नव्हते, त्याचाही ताबा आता हवासा झाला आहे. परतीची तुतारी एक्सप्रेस धरण्याआधी तो दोन-चार कागदांवर सह्या करतो आणि म्हणतो, ‘वकीलसाहेब, लागतील तिथे वापरा.’ भाडेकरूचेही तसेच. त्याला दुकान उघडायचे असते, मासळीच्या लिलावाला पोचायचे असते. दोघेही विश्वासाने सही करतात, आणि मला भीती वाटते ती या विश्वासाचीच.

राजस्थानातला एक खटला सांगतो. भाड्याच्या जागेत शाळा चालवणाऱ्या एका गृहस्थांवर जागामालक कंपनीने ताब्याचा दावा लावला. दावा चालू असताना ते निवडणूक लढवायला दुसऱ्या राज्यात गेले होते. तेवढ्यात कोर्टात त्यांच्या नावाची तडजोड दाखल झाली. त्यांनी आपल्या वकिलाकडे विश्वासाने ठेवलेले सहीचे कोरे वकीलपत्र आणि सहीचा कोरा कागद त्यासाठी वापरला गेला होता. न्यायाधीशांनी पक्षकारांना समोर आणा म्हटले, पण त्यांना आणले गेले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले: डी. पी. चढ्ढा विरुद्ध त्रियुगी नारायण मिश्रा. डिसेंबर २००० मध्ये न्यायालयाने वकील चढ्ढा यांची सनद पाच वर्षे निलंबित ठेवली. हा निकाल तुम्ही मुळातून वाचा. शिक्षेचा आकडा विसरलात तरी चालेल, पण त्या न्यायाधीशांनी माणसालाच समोर बोलावले होते, हे विसरू नका.

कोकणाला त्या बोलावण्याचे मोल कळायला हवे. खोतीच्या काळात कबुलायतीवर मजकूर खोताचा असे आणि अंगठा कुळाचा. बाबासाहेब आंबेडकर स्वतः वकिली करणारे बॅरिस्टर. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. खोती कायद्याने गेली ती मात्र स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या कायद्याने. त्याच्या आदल्या वर्षीचा कुळकायदा काढून कलम १५ बघा. कुळाला जमीन सोडायची असेल तर नुसते लिहून दिलेले पुरत नाही. मामलेदाराने कुळाला समोर घेऊन खात्री करायची असते की, आपण काय सोडतो आहोत हे त्याला समजले आहे आणि तो आपल्या मर्जीने सोडतो आहे. कायदा करणाऱ्यांना कागदावरचे अंगठे चांगले माहीत होते, म्हणून त्यांनी मध्ये एक माणूस उभा केला. घरभाड्याच्या दाव्यात असा मामलेदार नसतो. तिथे ते काम वकिलाचे आहे, असे मी मानतो.

भाडेकरूकडून उभे राहाल तेव्हा आणखी एक गोष्ट. थकबाकीच्या दाव्यात समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांत सगळे भाडे, पंधरा टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला आणि निकाल लागेपर्यंतचे भाडेही नियमित भरले तर ताबा वाचतो, असे १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो. वकीलपत्रावर सही घेतली, कैफियतीला मुदत मागितली आणि हे नव्वद दिवस अशिलाला सांगायचेच राहिले, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या घरातली भांडी अंगणात आलेलीही पाहिली आहेत. त्या वकिलाने काही खोटे लिहिले नव्हते. तो अशिलाशी बोललाच नव्हता.

आणि समोरच्या पक्षकाराने वकील दिला असेल तर त्या पक्षकाराशी परस्पर बोलू नका. बार कौन्सिलचा तसा नियमच आहे. पण मालवणसारख्या गावात तो पाळणे फार कठीण. भाडेकरू बाजारात रोज भेटतो, ‘जरा इथे सही कर, मिटवून टाकू’ म्हणणे सोपे असते. तुमच्या अशिलाचा हेतू चांगला असला तरी ती सही घेऊ नका.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मालवणची एक म्हातारी आली होती. घर तिचे, पुढच्या खोलीत भाडेकरूचे दुकान. मी दावा टाईप करून तयार ठेवला होता आणि कुठे सही करायची तिथे फुल्या मारल्या होत्या. तिने पेन घेतले नाही. म्हणाली, “माका वाचूक येना नाय. तुमी वाचून दाखवा.” घाईत होतो, मनातून चिडलोही. पण वाचले. ताब्याच्या मागणीशी आलो तशी तिने हात वर केला. तिला दुकान खाली करून नको होते. भाडेकरूने पडवीत रचलेली खोकी तिच्या जायच्या-यायच्या वाटेत येत होती, तेवढी पडवी मोकळी हवी होती. मी तिच्या नावाने एका कुटुंबाच्या पोटावर दावा लिहून ठेवला होता, आणि खाली तिची सही घ्यायची तेवढी बाकी होती.

मी तो दावा फाडला. दुसऱ्या दिवशी भाडेकरूला, त्याने तेव्हा वकील दिला नव्हता, एका पानाची नोटीस पाठवली. चार दिवसांनी तो खोकी उचलत असताना म्हातारी पडवीत बसून त्याला कुठली आधी न्यायची ते सांगत होती.