विज्ञानकथेतील धर्मसंकट आणि आपण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याच हाताखाली वडोदऱ्याच्या या शाळेत मी मराठी शिकलो. एकदा त्यांनी वर्गात विचारले, "नावेत जागा पाचांची आणि माणसे सहा. कोणाला उतरवाल?" आम्ही हिरिरीने उत्तरे दिली. कोणी म्हाताऱ्याला उतरवले, कोणी चोराला. सर्वांचे ऐकून घेऊन गुरुजी शांतपणे म्हणाले, "नाव अपुरी कोणी बांधली, हे एकानेही विचारले नाही." आजच्या माझ्या विषयाचे बीज त्या वाक्यात आहे.

विज्ञानकथा म्हणजे यंत्रांच्या करामती, असा समज आम्हा मराठीच्या प्राध्यापकांत पुष्कळ वर्षे होता. मीही त्याला अपवाद नव्हतो. तो दूर केला डॉ. जयंत नारळीकरांनी. त्यांच्या 'हिमप्रलय' कथेत मुंबईत बर्फ पडतो. परंतु कथेचा खरा विषय थंडी नव्हे, वेळीच दिलेला इशारा कानांआड करणारी माणसे हा आहे. २०२५ साली नारळीकर गेले. त्यांचे ऋण स्मरून मी आज दोन अमेरिकी कथांकडे वळतो.

पहिली ऑर्सन स्कॉट कार्ड यांची १९८५ सालची कादंबरी, 'एंडर्स गेम'. परग्रहावरील एका जीवजातीशी लढण्यासाठी एका बुद्धिमान मुलाला तयार केले जाते. अखेरची परीक्षा म्हणून तो पडद्यावर शत्रूचा ग्रह नष्ट करतो. मग त्याला कळते, की तो खेळ नव्हता. एक संपूर्ण जीवजात त्याच्या हातून संपली आहे. पुढे त्या जातीच्या राणीचा एकच कोश त्याला सापडतो आणि त्याला रुजायला जागा शोधणे हेच त्याचे प्रायश्चित्त ठरते.

ही केवळ कल्पना आहे काय? माझ्या बालपणी गावाबाहेरच्या झाडांवर गिधाडांचे थवे असत. १९९०च्या दशकात ते दिसेनासे झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ साली उलगडले. दुखण्याने बेजार जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले जाई. ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. औषध देणाऱ्याच्या मनात गाईविषयी करुणाच होती! संहार असा नकळत झाला. परंतु येथे तिसरा मार्ग निघाला. मेलॉक्सिकॅम हे औषध गुरांना उपयोगी आणि गिधाडांना निर्धोक असल्याचे दिसून आले, आणि २००६ साली भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकच्या उत्पादनावर बंदी घातली. हरियाणातील पिंजोरसारख्या केंद्रांत गिधाडांची पैदास सुरू झाली. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे हे काम म्हणजे तो कोश जपण्यासारखेच आहे.

दुसरी कथा टॉम गॉडविन यांची, 'द कोल्ड इक्वेशन्स', १९५४ सालची. सहा रुग्णांसाठी औषध नेणाऱ्या छोट्या यानात, भावाला भेटण्याच्या ओढीने एक तरुणी लपून बसते. इंधन मोजून-मापून भरलेले. तिचे वजन राहिले तर यान कोसळेल आणि ते सहाही मरतील. अखेर तिला अंतराळात जावे लागते. गॉडविन तिला वाचवण्याच्या युक्त्या काढीत राहिले आणि संपादक जॉन कॅम्बेल कथा परत पाठवत राहिले. म्हणजे ते निष्ठुर गणित निसर्गाने घातलेले नव्हते. ते दोन माणसांनी ठरवून घातले होते. त्या यानात एका माणसाचेही जादा इंधन का नव्हते, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

आता माळढोक घ्या. जगात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेला हा पक्षी. तो जड असतो. समोरचे त्याला नीट दिसत नाही. उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. या तारा राजस्थान-गुजरातेतील सौर आणि पवनविजेच्या. म्हणजे हवामानबदलापासून मानवजातीला वाचवू पाहणाऱ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली त्याच्या अधिवासातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला; २०२४ साली खर्च, तांत्रिक अडचणी आणि देशाची हवामानविषयक वचने ध्यानी घेऊन तो बदलला व तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही बाजूंना अस्तित्वाचाच प्रश्न. या सभागृहातील पंखेही कदाचित त्याच विजेवर फिरत असतील; मी त्यांच्या वाऱ्याखाली उभा राहून बोलतो आहे, हे मी विसरत नाही.

तथापि गुरुजींचा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे. मराठीने या पक्ष्याच्या नावातच त्याचे घर सांगून ठेवले आहे. माळ आहे तर माळढोक आहे. आणि आपल्या सरकारी नोंदींनी गवताळ माळांना वर्षानुवर्षे 'पडीक जमीन' म्हटले. जी जमीन पडीक, तिच्यावर काहीही उभारावे! 'वीज की पक्षी' हा पेच वाळवंटात आपोआप उगवला नाही. तो त्या एका शब्दातून आला. नाव तेथे अपुरी बांधली गेली.

मित्रहो, धर्मसंकटे खरी असतात. कधी कधी खरोखरच तिसरी वाट नसते. परंतु "दुसरा इलाज नव्हता" असे म्हणण्याचा अधिकार, इलाज शोधून थकलेल्यालाच आहे. नकळत झालेल्या चुकीला एकदा क्षमा असेल; कळल्यानंतरच्या आळसाला नाही.

त्या दिवशी चोराला उतरवणाऱ्यांत मीही होतो. ते उत्तर आज, इतक्या वर्षांनी, मी मागे घेतो आणि गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून आपली रजा घेतो.