टापांचे ऋण



ज्या शाळेच्या फळ्यावर मी पहिले अक्षर गिरविले, त्याच शाळेत गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी मला उभे केलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. हे वाक्य प्रत्येक व्याख्याता पहिल्या मिनिटात उच्चारतो आणि पुढच्या मिनिटात विसरतो. आज मला या एका वाक्यावरच थोडे थांबायचे आहे. विषय म्हणून मी कृतज्ञता निवडली आहे. मात्र मी तत्त्वज्ञानाची अभ्यासक नाही. माझे आयुष्य बखरी आणि जुनी पत्रे वाचण्यात गेले. त्यामुळे या विषयाकडे मी एका घोडीच्या वाटेने जाणार आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा. जे आपल्यासाठी कोणी केले, ते ज्याला ठाऊक आहे तो. भावनेचा प्रश्न नंतरचा, आधी माहितीचा प्रश्न आहे. ज्याला ठाऊकच नाही, तो कृतज्ञ कसा होणार? उलट 'कृतघ्न' म्हणजे केलेल्याचा घात करणारा. या दोन टोकांच्या मध्ये एक फार मोठा वर्ग आहे. तो घात करीत नाही आणि जाणूनही घेत नाही. आपण बहुतेकजण त्याच वर्गात बसतो. मीही तेथेच बसले होते. त्या बाकावरून मला गुरुजींनी उठविले, ती हकीकत सांगण्यासाठी मी आज आले आहे.

आपल्या या गावाचे नावच पाहा. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली आपला तळ दिला. तळ उठला नाही, त्याचेच शहर झाले, आणि आजही आपण त्याला 'लष्कर' म्हणतो. आपल्याकडच्या मोहल्ल्यांच्या नावांत 'गोठ' हा शब्द आहे. मराठीत 'गोट' म्हणजे सैन्याची छावणी. दोनशे वर्षांहून अधिक काळ आपण एका छावणीत घरे बांधून राहत आहोत. आपले पूर्वज भीमा, नीरा आणि कृष्णेच्या काठांवरून येथे आले. त्या मुलखाला घरातली वडील माणसे नुसते 'देश' म्हणत. "आमचे मूळ गाव देशावर," असे माझी आजी सांगे. तिने तो देश उभ्या जन्मात एकदाच पाहिला होता, पण रोज संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडताना ती दक्षिणेकडे तोंड करी.

देशावरून येथवर ही माणसे आली ती घोड्यांवरून. भीमेच्या काठचे भीमथडी तट्टू अंगाने लहान, पण काटक, थोड्या दाण्यावर भागविणारे आणि घाट चढताना न थकणारे. मराठ्यांची दौड या जनावराच्या पायांवर उभी होती. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि त्याच रचनेत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला आहे. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. विद्यार्थिदशेत ही ओळ मी परीक्षेसाठी पाठ केली होती. तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. घोड्याशिवाय स्वार नाही, आणि पाण्यावाचून व नालेवाचून घोडा नाही, हे ज्या राज्यकर्त्याला ठाऊक होते त्याने ते कागदावर आणले. याला मी कृतज्ञतेची व्यवस्था म्हणते.

चिपळूणच्या मुलखात छावणीला असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना शिवाजी महाराजांच्या दरबारातून गेलेले, १६७३-७४ च्या सुमाराचे एक पत्र प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच बेहिशेबी उडवाल, तर पुढे ती मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरात शिरून धान्य, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला ओढून आणतील, आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षाही वाईट वाटाल. दिव्याची जळती वात उंदराने नेली तर गंजी पेटतील, येथपर्यंत त्या पत्रात काळजी वाहिली आहे. आपण व्यासपीठावरून तलवारीचे गोडवे गातो, पण हे राज्य वैरणीच्या गंजीवर लक्ष ठेवणाऱ्यांचेही होते.

आता माझी हकीकत. १९५७ ते १९६३ या काळात मी या शाळेत तांग्याने येत असे. आमच्या वाड्यातल्या व शेजारच्या मिळून सहा मुली. मागे तोंड करून तीन, पुढे तोंड करून तीन. तांगेवाल्याला आम्ही चाचा म्हणत असू. तो मुसलमान होता. त्याचे वडीलही तांगा हाकीत, एवढेच मला ठाऊक होते. घोडी तांबूस रंगाची होती, कपाळावर पांढरा टिळा. मला तिच्याविषयी एवढेही सांगता आले नसते, जर पुढचा प्रसंग घडला नसता.

१९६१ च्या पावसाळ्यात सहामाही परीक्षेच्या दिवशी मला उशीर झाला. उशीर माझ्यामुळेच झाला होता, पण घाई मी चाचाला केली. "जल्दी करो" हा मंत्र मी सारी वाट जपले. उतारावर ओल्या फरशीवरून घोडी घसरली आणि पुढच्या गुडघ्यांवर बसली. आम्हा मुलींना खरचटलेही नाही. चाचाने आम्हाला उतरविले आणि म्हणाला, "बेटी, पैदल चली जाओ, पास ही है." मी मागे वळून पाहिले नाही. मला उशिराची आणि चिखल लागलेल्या परकराची चिंता होती. घरी मी काही सांगितले नाही. चाचानेही वडिलांना सांगितले नाही.

त्याच आठवड्यात गुरुजींनी निबंध घातला, 'माझे पूर्वज'. मी चार पाने लिहिली. पणजोबांचे पणजोबा शिलेदार होते, त्यांनी स्वतःचा घोडा घेऊन नर्मदा ओलांडली, पानिपत, महादजी, सारे काही त्यात आले. वर्गात सर्वांत जास्त गुण मला मिळाले. वही परत आली तेव्हा खाली गुरुजींच्या तांबड्या शाईत एक ओळ होती : निबंध उत्तम, मात्र तुम्हाला रोज शाळेत आणणाऱ्या घोडीचे नाव काय?

गुरुजी आम्हा मुलांनाही अहोजाहो करीत, हे येथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल.

मला नाव ठाऊक नव्हते. चार वर्षे रोज दोन वेळा तिच्यामागे बसून मला तिचे नाव ठाऊक नव्हते. शिलेदाराच्या पणतूच्या पणतीला!

त्या रविवारी मी चाचाच्या तबेल्यात गेले. नाव होते लाली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर तेल-हळदीचा लेप होता. तांगा चार दिवस बंद, म्हणजे चाचाच्या घरची चूलही निम्मी बंद, हे मला तेथे कळले. मी क्षमा मागितली की नाही, हे मला आठवत नाही. एवढे आठवते की चाचाने माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला आणि बोटे सरळ ठेवायला शिकविले. बोटे वळली तर घोडी चावते, तळवा सपाट असेल तर ती फक्त ओठांनी उचलते. तिच्या ओठांचा तो उबदार, मऊ, किंचित खरखरीत स्पर्श आज या वयातही माझ्या तळव्यावर आहे.

त्यानंतर दोन वर्षे माझे बहुतेक रविवार लालीबरोबर गेले. खरारा कसा करावा, खूर कसा उचलून साफ करावा, तोबरा कधी बांधावा, हे मी शिकले. घोड्याजवळ मागून जाऊ नये, आधी आवाज द्यावा, हेही शिकले. चाचाची एक रीत होती. भर दुपारी तांगा सुटला की तो आधी घोडीला पाणी दाखवी, मग दाणा, आणि मग स्वतःची भाकर सोडी. मी एकदा विचारले, तर म्हणाला, "पहले ये, फिर हम. खिलाती तो यही है." कृतज्ञतेवर मी पुढे पुष्कळ ग्रंथ वाचले. याहून नेमके विधान मला सापडले नाही.

मी बखरींवर पीएच.डी. केली तेव्हा पानिपतच्या कागदांशी संबंध आला. १४ जानेवारी १७६१. त्याआधीचे अडीच महिने वेढ्यात दाणा-वैरण संपून घोडी मरत होती. युद्ध हरल्यावर महादजी शिंदे एका दक्षिणी घोडीवरून निघाले. जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही हकीकत दिली आहे. एक अफगाण स्वार मोठ्या घोड्यावरून त्यांच्या पाठीस लागला. कितीही दौडले तरी त्याच्या टापा मागे वाजतच राहिल्या. अखेर घोडी खड्ड्यात कोसळली. अफगाणाने महादजींच्या पायावर घाव घातला आणि दागिने व घोडी घेऊन तो निघून गेला. त्या टापा पुढे कित्येक वर्षे महादजींना झोपेत ऐकू येत. पाय जन्मभराचा अधू झाला.

त्यांना वाचविले राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे एका पखालजीने. पाण्याच्या बैलावर घालून त्याने त्यांना दक्षिणेकडे नेले. महादजी पुढे उत्तरेत सर्वश्रेष्ठ झाले, पण राणेखानाला विसरले नाहीत. त्यांनी त्याला 'भाई' म्हटले आणि सैन्यात सरदारकी दिली. पंचवीस घोड्यांमागचा तो बिननावाचा पखालजी येथे एकदा नावानिशी इतिहासात येतो, आणि तो येतो तो धन्याच्या कृतज्ञतेमुळे. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने महादजींच्या पराक्रमाबरोबर हेही आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

पण ती घोडी? ती त्या खड्ड्यापाशीच इतिहासातून नाहीशी होते. त्या हकिकतीशी मी पोचले तेव्हा मला गुरुजींची तांबडी शाई दिसली : घोडीचे नाव काय?

माझ्याही गोष्टीचा शेवट फार वेगळा नाही. १९६३ साली वडिलांनी तांगा बंद केला. आम्ही मुली टेम्पोने जाऊ लागलो. लाली म्हातारी झाली होती. चाचाने निरोप धाडला की बिटिया येऊन भेटून जावी. माझी परीक्षा होती. पुढच्या रविवारी जाऊ म्हटले. तो रविवार आला नाही. मी गेले तेव्हा तबेला रिकामा होता आणि चाचा आपल्या मुलाकडे दुसऱ्या गावी गेला होता. मित्रहो, 'जाणणे' शिकल्यावरही मी चुकले. कृतज्ञता एकदा शिकून संपत नाही, ती रोज करावी लागते, खराऱ्यासारखी.

आपल्या परंपरेने हे ओळखले आहे. दसऱ्याला शस्त्राबरोबर घोड्याचीही पूजा होते. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर अश्व चालतात, ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांचे. हा सोहळा ज्यांनी १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात आजच्या रूपात आणला ते हैबतबाबा आरफळकर आपल्या शिंदे सरकारच्याच चाकरीत होते. म्हणजे ग्वाल्हेर, अंकली आणि आळंदी ही तीन टोके एका वाटेने जोडली आहेत. त्या दोन घोड्यांपैकी एकावर स्वार नसतो. तेथे माउली बसली आहे असे वारकरी मानतात. रिंगणात तो धावून गेला की माणसे वाकून त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. वर बसलेल्याला नमस्कार सारेच करतात. टापांखालच्या मातीला नमस्कार करायला वारकरी शिकवितो.

भाषेचेही असेच आहे. लगाम, रिकीब, खोगीर, पागा, शिलेदार, बारगीर, नालबंद ही सारी मराठीने फारसीकडून घेतली आणि आपली केली. नुसत्या भाराभर भरतीला आपण 'खोगीरभरती' म्हणतो, तो शब्दसुद्धा अर्धा उसना आहे. ज्या भाषेचा आपण अभिमान बाळगतो, तीही ऋणाने श्रीमंत झाली आहे. आज आपल्या या शाळेत मराठीच्या तासाला मुले थोडी आहेत, आणि त्यांतली काही हिंदीभाषक घरांतली आहेत. त्यांना पाहुणे समजू नका. पखाल घेऊन आलेली ही माणसे आहेत. शिलेदारांचे वंशज पाठ फिरवून गेले, तरी पाणी हीच पाजतील.

माजी विद्यार्थ्यांना मी देणगीचे आवाहन करणार नाही. ते काम चिटणीस करतील. माझे मागणे लहान आहे. आज घरी जाण्यापूर्वी शाळेची घंटा देणाऱ्या बाईंचे नाव विचारून जा. आपल्या रस्त्यावर पहाटे दूध टाकणाऱ्याचे, आजारपणात आपल्या आईची पाठ पुसणाऱ्या बाईचे नाव जाणून घ्या. पूर्वजांचा देश आठवावा, जरूर आठवावा. पण आजचा दिवस ज्यांच्या पायांवर चालतो त्यांना विसरून नव्हे.

शेवटी एक कबुली. माझ्या प्रबंधाच्या आरंभी 'ऋणनिर्देश' म्हणून दीड पान आहे. त्यात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, टंकलेखक आहेत, माझे यजमानही आहेत. चाचा आणि लाली नाहीत. गुरुजी हयात असते तर त्यांनी प्रबंध उघडून आधी तेच पान पाहिले असते. आजचे हे व्याख्यान त्या पानाची राहिलेली ओळ समजावी. ती गुरुजींच्या चरणी ठेवते आणि आपली रजा घेते.