डोंगराचा शेजारधर्म
(ज्युबिली-महोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशीं गतकाळाचें गुणगान करावें अशी रीत आहे. आणि तें काम इतर वक्ते आमच्याहून अधिक योग्यतेनें करतील. आम्हीं मात्र आज एक साधाच विषय निवडिला आहे. आपल्या खानदेशाच्या सपाटीवर कापूस आणि केळी पिकतात. परंतु तिच्या उत्तरेस सातपुडा आणि पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा उभ्या आहेत, आणि त्यांच्या कुशींत लहान लहान पाडे वसले आहेत. या पाड्यांवरील माणसांनीं आपले समाईक व्यवहार आपसांत कसे चालवावे, हाच तो विषय होय. आपणांपैकीं कित्येकांचे सोयरेधायरे आजहि डोंगरांत नांदत आहेत. यास्तव हा विषय कोणास परका वाटणार नाहीं.

शहरांत शेजाऱ्याशीं बोलणें नसलें तरी दिवस निघून जातो. डोंगरांत तसें नाहीं. तेथें झरा एक, कुरण एक, जळणाचें रान एक, आणि पावसाळ्यांत वाहून जाणारी वाटहि एकच. वरच्या उतारावरचीं झाडें एकानें तोडलीं, तर पावसाचें पाणी माती घेऊन धांवत सुटतें, आणि खालच्याच्या विहिरींत उन्हाळ्यांत झिरपावयास कांहीं राहत नाहीं. एकानें आपलीं गुरें मोकाट सोडलीं, तर दुसऱ्यानें जपलेलें गवत नाहींसें होतें. म्हणून डोंगरांत शेजारधर्म हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. तो पोटापाण्याचा प्रश्न आहे.

येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका पाड्यावर हातपंपाच्या दुरुस्तीसाठीं घरटी वर्गणी जमविण्यांत आली. त्या समितींत आम्ही होतों. वहीवर आमचीहि सही होती. पंप दुरुस्त झाला. कोणीं एक पैसा खाल्ला नाहीं. परंतु ती वही सभेंत एकदांहि वाचून दाखविण्यांत आली नाहीं. "हिशेब चोख आहे, मग वाचावयाची गरज काय?" असें आम्हींच म्हटलें. पुढील वर्षीं पंप पुन्हां बिघडला, तेव्हां अर्ध्या घरांनीं वर्गणी दिली नाहीं. आणि बायाबापड्या नाल्यांतील झिऱ्यावर बसून वाटीवाटीनें पाणी भरूं लागल्या. पैशाची चोरी झाली नव्हती. विश्वासाची हानि मात्र आमच्या हातून झाली होती. त्या दिवसापासून आम्ही विचार करूं लागलों कीं, समाईक व्यवहार ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या टिकविले, त्यांनीं तो विश्वास कशावर उभा केला असावा?

याचें पहिलें उत्तर फार लांब शोधावें लागत नाहीं. साक्री तालुक्याच्या डोंगरांत उगम पावणारी पांझरा नदी धुळ्यावरून वाहत जाऊन तापीस मिळते. तिच्या आणि आसपासच्या नद्यांच्या कांठीं निदान तीनशें वर्षें फडपद्धति चालत आली. नदींत दगडी बंधारा घालून पाणी पाटानें शेतांकडे न्यावयाचें, आणि भिजणाऱ्या साऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे फड करावयाचे. एका फडांत एकच पीक. आणि बहुतेक प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडांत. पंच ठरवितील त्याप्रमाणें पाटकरी पाणी सोडी, जागल्या उभें पीक राखी, आणि त्यांच्यावर देखरेखीस हवालदार असे. पाण्याचा तुटवडा पडल्यास पंचांनीं एखादा फड त्या सालापुरता कोरडा ठेवावा. मंडळी, या योजनेंतील शहाणपण पाहा. एका माणसाचें शेत सुकून दुसऱ्याचें हिरवें राहावें, असा प्रसंगच बहुधा येत नसे. टंचाई आली तर ती सर्वांच्या वांट्यास येई. आणि म्हणून पंचांचा निवाडा सर्वांस मानवे.

पुढें काळ पालटला. विहिरी झाल्या, विजेचे पंप आले, नद्यांवर वरच्या अंगास लाटीपाडा, मालनगांव, अक्कलपाडा अशीं धरणें झालीं. ज्याच्या शेतांत स्वतःची विहीर, त्यास पंचांची पर्वा उरली नाहीं. कित्येक फड मोडले. कांहीं बंधाऱ्यांवर जुनी रीत थोडीफार टिकून आहे. विहीर ही वाईट वस्तु आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्याला समाईक पाण्याची गरज राहिली नाहीं असा सबळ मनुष्य सभेंतून उठून गेला कीं, मागें राहतात ते दुबळे. आणि दुबळ्यांच्या सभेला कोणी विचारीत नाहीं. हा धडा नदीकांठचा खरा, पण तो डोंगरासहि तितकाच लागू आहे.

आतां नदी सोडून वर रानांत जाऊं. साक्री तालुक्यांत, गुजरातच्या सरहद्दीजवळ, बारीपाडा नांवाचें कोकणा समाजाचें लहानसें गांव आहे. १९९० च्या सुमारास तेथील सभोंवारचें रान उजाड झालें होतें, आणि पाण्यासाठीं व जळणासाठीं स्त्रियांस वणवण करावी लागे. तेव्हां श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानें गांवकरी एकत्र बसले आणि त्यांनीं आपले नियम आपणच केले. झाड तोडूं नये; रानांत बैलगाडी नेऊं नये; मना केलेल्या भागांत गुरें चारूं नयेत; आणि मोडील त्यानें गांवास दंड द्यावा. डोंगराच्या उतारावर चर खणले, दगडांचे बांध घातले. अशा रीतीनें सुमारें ४४५ हेक्टर रान त्यांनीं राखून वाढविलें, आणि झाडांबरोबर विहिरींचें पाणीहि परत आलें. २००४ पासून तेथें रानभाज्यांचा उत्सव भरतो. त्यांत गांवच्या स्त्रिया रानांतल्या भाज्या रांधून आणतात, आणि त्या ओळखण्याचें पिढीजात ज्ञान लोकांपुढें मांडतात. २०२५ सालीं सरकारनें श्री. पवार यांस पद्मश्री देऊन गौरविलें. परंतु आम्हांस वाटतें, बारीपाड्याचें खरें भूषण पदकांत नसून दंडाच्या नियमांत आहे. जो नियम आपण स्वतः बसून केला, तो परक्याच्या पहाऱ्यावांचून पाळला जातो.

कोणी म्हणेल, हें एखाद्या गांवास साधलें, सर्वांस कसें साधावें? त्यास आम्ही सातासमुद्रांपलीकडील एक दाखला देतों. स्वित्झर्लंड देशाच्या व्हॅले प्रांतांत, आल्प्स पर्वताच्या उतारावर, टोर्बेल नांवाचें खेडें आहे. तेथील शेतकऱ्यांनीं १४८३ सालीं आपल्या समाईक कुरणांची व रानाची व्यवस्था लेखी करारानें बांधून घेतली. १५१७ सालीं त्यांनीं असा नियम केला कीं, हिंवाळ्यांत स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसतां येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यांत समाईक कुरणावर न्याव्या. अधिक नेणाऱ्यास दंड. श्रीमंतानें बाहेरून गुरें विकत आणून सर्वांचें गवत आपल्याच गोठ्यांत ओढूं नये, हा त्यांतील हेतु. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषींनीं १९९० सालच्या आपल्या ग्रंथांत या गांवाचा विचार केला आहे. आणि २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्यांचें सांगणें थोडक्यांत असें: समाईक वस्तु नष्टच व्हावयाची, असा कांहीं विधिलेख नाहीं. सीमा ठाऊक असली, नियम वापरणाऱ्यांनींच केलेले असले, आणि देखरेख करणारे त्यांनाच जबाबदार असले, तर ती शतकानुशतकें टिकते.

आपल्या धर्मसभेच्या शिकवणींतहि हेंच तत्त्व आहे. जें काम लहान समूह स्वतः करूं शकतो, तें मोठ्या सत्तेनें त्याच्या हातून काढून घेऊं नये, असें परमगुरु अकरावे पायस यांनीं १९३१ सालच्या आपल्या पत्रांत प्रतिपादिलें.

देशाच्या कायद्यानेंहि आतां या वाटेनें पाऊल टाकिलें आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीं १९९६ सालीं पेसा कायदा झाला. आणि त्याखालील महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें एखाद्या पाड्यासहि स्वतंत्र गांव म्हणून आपली ग्रामसभा मागतां येते. धुळें जिल्ह्यांतील साक्री व शिरपूर, आणि जळगांव जिल्ह्यांतील चोपडा, यावल व रावेर या तालुक्यांतील कांहीं गांवें या क्षेत्रांत मोडतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गांवास आपलें समाईक वन राखण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क दिला. त्या कायद्याखालील सभेस निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश स्त्रिया पाहिजेत, असा २०१२ पासून नियम आहे.

मग अडचण कोठें आहे? अडचण रिकाम्या जागांत आहे. ग्रामसभेचे रूढ दिवस १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारी. परंतु दिवाळी झाली कीं डोंगरांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर निघून जातात. आणि २६ जानेवारीच्या सभेस पाड्यावर म्हातारीं माणसें व लहान मुलें तेवढीं उरतात. १५ ऑगस्टला शेतांत निंदणी असते, आणि ती निंदणी करणाऱ्या हातांना सभेस बसावयास सवड नसते. ज्या सभेंत पाणी भरणारी स्त्री नाहीं, आणि ज्याला पुढें चाळीस वर्षें या रानांत काढावयाचीं आहेत तो तरुणहि नाहीं, त्या सभेनें केलेला नियम कागदावरच राहिला तर दोष कोणास द्यावा?

म्हणून, बंधुभगिनींनो, आमचें नम्र सांगणें एवढेंच आहे. पाड्याची सभा पाड्याच्या पंचांगाप्रमाणें भरावी. होळीला डोंगरचा मनुष्य कोठेंहि असला तरी घराकडे वळतो. आणि आखाजीला खानदेशांत सालदारांचें नवें साल धरलें जातें. कायद्याच्या चार सभा होऊं द्याव्या. परंतु झरा, कुरण आणि रान यांचा विचार या दोन दिवशीं सर्वांनीं मिळून करावा. त्या सभेंत प्रथम हिशेबाची वही मोठ्यानें वाचावी, मग ती दोन ओळींची कां असेना. नियम थोडे करावे, परंतु ते पाटलाच्या गुरांस आणि विधवेच्या शेळीस सारखेच लागू करावे. आणि प्रत्येक समितींत एक तरी जागा पंचविशीच्या आंतील मुलाला किंवा मुलीला द्यावी, म्हणजे आपल्यामागें वही कोणाच्या हातीं जावयाची, याची चिंता उरणार नाहीं.

त्या पाड्यावरची ती वही अद्याप आमच्यापाशीं आहे. आम्हीं ठरविलें आहे कीं, येत्या होळीस ती घेऊन तेथें जावें, पहिल्या पानापासून वाचावी, आणि ज्या बहिणींनीं नाल्यांत वाटीनें पाणी भरलें त्यांची क्षमा मागावी. पंप मग पुन्हां दुरुस्त होईल किंवा न होईल. परंतु दुरुस्तीस आरंभ तेथूनच केला पाहिजे. आपणांपैकीं ज्यांच्या घरीं अशी एखादी न वाचलेली वही असेल, त्यांनीं ती या महोत्सवाच्या वर्षीं उघडावी, इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.