यंत्राचा अंदाज, माणसाची सही



सन २०२३ ची गडबड आपल्याला आठवत असेल. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी छत्रपती संभाजीनगर विभागातल्या कचेऱ्यांत निजामकाळची दप्तरे सुटली. कागद निघाले, पण वाचायचे कोणी? काही उर्दूत, काही मोडीत! १९४८ साली निजामाचे राज्य गेले, पुढे कारभार मराठीत आला, मोडीही शाळांतून गेली. जाणती पिढी निवृत्त झाली आणि तिचे कसब तिच्याबरोबरच गेले. मग जाणकार शोधत फिरावे लागले.

आता म्हणतात, असे कागद यंत्र वाचील. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात ती हीच. यात जादू नाही, बरे का! हजारो नमुने दाखवून यंत्राला सवय लावतात. मग नव्या अक्षराचा ते अंदाज बांधते. नमुनेच थोडे असतील, तर आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? त्यातून मोडीत शब्द सलग लिहीत, ऱ्हस्वदीर्घही पाळीत नसत. अंदाज चुकला तरी यंत्र अडखळत नाही. चूकही ठामपणे सांगते. एका अक्षराने आडनाव बदलते आणि एखाद्या मुलीचा दाखला अडतो. तिचा बाप जाब विचारतो तो यंत्राला नव्हे, कारकुनाला.

म्हणून सरकारी नोकराने शिकायचे ते नुसते बटण दाबणे नव्हे. केंद्राने २०२० साली मिशन कर्मयोगी मंजूर केले. त्याच्या आयगॉट व्यासपीठावर या विषयाचे पाठ आहेत. ते जरूर घ्यावेत. पण तीन सवयी आपल्या आपणच लावाव्या लागतात. यंत्राचे उत्तर मूळ कागदाशी ताडून पाहावे. कोणाचा आधार क्रमांक, आजार वा घरचा तंटा बाहेरच्या यंत्रात घालू नये. आणि ‘हे कशावरून?’ असे विचारल्याशिवाय सही करू नये.

ताडून पाहायचे, तर कचेरीत मोडी वाचणारे एक तरी माणूस हवेच. यंत्र आले म्हणून जुने कसब सोडले, तर त्याची चूक पकडणार कोण?

गुरुजी, ‘कशावरून?’ हा प्रश्न आपल्याच वर्गात प्रथम शिकवला जातो. उद्याचा कारकून आज आपल्यासमोर बसला आहे. त्याला तो मोकळेपणी विचारू द्या.