सेवकवर्गाचें शिक्षण आणि डिजिटल बिल्ला



बालवीराच्या बाहीवरील बिल्ले आपण सर्वांनीं पाहिले आहेत. ज्याच्या बाहीवर प्रथमोपचाराचा बिल्ला आहे, त्या मुलानें परीक्षकासमोर पट्टी बांधून दाखविलेली असते. नुसतें व्याख्यान ऐकून तो मिळत नाहीं. आतां विद्यापीठांतील प्राध्यापक, ग्रंथपाल, लेखनिक यांच्या सेवेंतील शिक्षणासाठींहि असेच बिल्ले, मात्र कापडाचे नव्हेत तर संगणकावरचे, देण्याची पद्धति कांहीं ठिकाणीं सुरू झाली आहे. तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

सेवेंत असतांना शिकण्याची सोय आपल्याकडे नवी नाहीं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें प्राध्यापकांसाठीं ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजें काढलीं. पुढें तीं मनुष्यबळ विकास केंद्रें झालीं, आणि २०२३ पासून मालवीय मिशनच्या नांवानें चालतात. तेथील वर्गांचीं प्रमाणपत्रें बढतीच्या वेळीं उपयोगीं पडतात. परंतु प्रमाणपत्रावर वर्गाचें नांव व तारखा असतात. प्राध्यापकमहाशयांस तेथून परतल्यावर काय करतां येऊं लागलें, हें त्यावरून कळत नाहीं. प्रमाणपत्र कपाटांत, आणि शिकवितांना हातांत तींच पिवळीं पडलेलीं टिपणें!

डिजिटल बिल्ला म्हणजे नुसतें चित्र नव्हे. २०११ सालीं मोझिला या संस्थेनें मॅकआर्थर फाउंडेशनच्या साह्यानें ‘ओपन बॅजेस’ ही योजना मांडली. हिच्यांत चित्राच्या पोटींच माहिती सांठविलेली असते. बिल्ला कोणीं दिला, कोणास व केव्हां दिला, त्यासाठीं काय करावें लागलें, हें तेथें वाचतां येतें; केलेल्या कामाचा पुरावा आणि मुदतीची तारीखहि जोडतां येते. आरंभीं खरेपणाची खातरजमा बहुधा देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावरूनच होत असे, म्हणजे तें बंद पडलें कीं बिल्ला मुका. तिसऱ्या आवृत्तींत संस्थेची डिजिटल सही बिल्ल्यांतच असते, त्यामुळें ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे.

तरीहि, बिल्ला अमुक विद्यापीठानें दिला एवढेंच यंत्र सांगूं शकतें. तो योग्य माणसास दिला काय, हें ठरतें निकष लिहिणाऱ्याच्या लेखणीवर. मला वाटतें, योजनेचें सारें जीवित येथें आहे.

एक उदाहरण घेऊं. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठानें उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धति घाईनें अंमलांत आणली. निकाल महिनोन् महिने लांबले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश अडले, आणि अखेर कुलगुरूंस पदावरून दूर व्हावें लागलें. कारणें अनेक होतीं; परंतु असें नवें काम हातीं घेण्यापूर्वीं, तें प्रत्यक्ष येणारीं माणसें किती, हें विद्यापीठास ठाऊक असावयास नको काय? ‘प्रशिक्षणास उपस्थित’ एवढ्याच निकषावर बिल्ले वाटले, तर हजारोंचा आंकडा मिळेल व उत्तर मिळणार नाहीं. त्याऐवजीं असा निकष लिहावा: दहा नमुना उत्तरपत्रिका पडद्यावर तपासल्या, एकहि पान वा प्रश्न सुटला नाहीं, आणि दिलेले गुण दुसऱ्या जाणत्या परीक्षकाशीं ताडून पाहिले. कार्यप्रणाली बदलली कीं त्याची मुदत संपावी.

आतां हें ताडून पाहणार कोण? त्या दुसऱ्या परीक्षकास त्यासाठीं वेळ व मोबदला न दिल्यास, तो डोळे मिटून संमतीची कळ दाबील, आणि बिल्ल्याची किंमत पहिल्याच वर्षीं उतरेल. अहवालांत वांटलेल्या बिल्ल्यांची संख्या छापतात. तपासणीचे तास कोणी छापीत नाहीं.

पन्नाशीच्या प्राध्यापकास बिल्ला देणें हा पोरखेळ आहे, असें कित्येक म्हणतील. प्रत्येक तासाभराच्या व्याख्यानास एक बिल्ला निघाला, तर तें म्हणणें खरेंहि ठरेल. बिल्ले थोडे असावेत.

माझें मत विचाराल, तर आरंभ प्राध्यापकांपासून करूंच नये. त्यांना पदव्या आहेत, प्रमाणपत्रें आहेत. परीक्षा-विभागांतील लेखनिक किंवा प्रयोगशाळेंतील परिचर वीस वर्षें काम करतां करतां जें शिकतो, त्याची नोंद करणारा कागद बहुधा कोठेंच नसतो. रासायनिक द्रव्यें सुरक्षित ठेवणें, गळती झाल्यास काय करावें हें दाखविणें, हें ज्याला येतें त्याचा बिल्ला प्रथम तयार करावा. आणि त्याचा निकष लिहावयास त्या परिचरालाच शेजारीं बसवावें.