पाण्याचा ताळेबंद



कणगीतले दाणे पाहूनच आपण वर्षाचा बेत करतो. पाण्याचा हिशेब मात्र क्वचितच होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो केला. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली. श्रमदानाने डोंगरावर चर खणले. पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढून, उरलेल्यावर पिके ठरवली. ऊस-केळी बंद, शेतीसाठी बोअर बंद. पाऊस तिथेही आपल्यासारखाच बेताचा!

विहीर आटली की हंडा बाईच्याच डोक्यावर येतो. मग पिके ठरवताना ग्रामसभेत बाई गप्प का? यंदा रब्बीच्या पेरणीआधी सुप्यातल्या विहिरींचे पाणी मोजण्याचा ठराव आपण मांडू या.